निदान चुकते, किंमत घर मोजते

डॉक्टर हाही अखेर माणूसच आहे, त्याचे निदान चुकू शकते, आणि चुकलेल्या निदानापायी त्याला न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभे करणे म्हणजे वैद्यकशास्त्राचीच गळचेपी करणे होय, असा युक्तिवाद वैद्यकीय व्यवसायाचे कैवारी वर्षानुवर्षे करीत आले आहेत. त्याला जोडून दुसरी तक्रार असते ती नातलगांविषयी. नातलग अडाणी असतात, भावनाविवश असतात, बिल भरण्याची वेळ आली की त्यांना हलगर्जीपणा आठवतो, आणि संतापाच्या भरात ते दवाखान्याच्या काचा फोडतात. रोगी आणि डॉक्टर यांच्या पवित्र नात्यात हा तिसरा पक्ष मुळात आलाच कोठून, असा या तक्रारीचा एकूण सूर असतो.

यांतील पहिला भाग आम्ही मान्य करून टाकतो. निदान म्हणजे त्रैराशिक नव्हे. हिवताप, विषमज्वर आणि डेंग्यू हे पहिल्या दोन दिवसांत एकाच चेहऱ्याने समोर येतात, आणि भल्याभल्या डॉक्टरांची गफलत होते. अशा गफलतीला न्यायालयांनीही अपराध मानलेले नाही. २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की केवळ चूक म्हणजे फौजदारी गुन्हा नव्हे. हलगर्जीपणा घोर असला पाहिजे, आणि खटला भरण्यापूर्वी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टराचे मत घेतले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हयगयीने मृत्यू घडविणाऱ्या इतरेजनांना पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तर उपचार करताना तसे घडल्यास नोंदणीकृत डॉक्टराला दोन वर्षांपर्यंत. महाराष्ट्र सरकारने २०१० साली डॉक्टरांवरील व रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदाही केला. तो योग्यच होता. काचा फोडून कोणाचा मेलेला मुलगा परत येत नाही, आणि दगड बहुधा लागतो तो रात्रपाळीच्या निवासी डॉक्टराला, मालकाला नव्हे. सारांश, कायद्याने डॉक्टरांना वाऱ्यावर सोडले आहे ही हाकाटी खोटी आहे. प्रश्न आहे तो ज्यांना कायद्याने खरोखरच वाऱ्यावर सोडले आहे त्यांचा.

पाहून चुकणे आणि न पाहताच सांगणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वैद्यकीय व्यवसायाचे वकील पहिलीचे समर्थन करतात आणि दुसरीला त्या समर्थनाच्या पदराखाली झाकतात.

नगर जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. (सरकारी दप्तरी २०२४ पासून हा जिल्हा अहिल्यानगर झाला आहे. नाव बदलल्याने दवाखान्यातील रांग काही लहान झालेली नाही.) क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील हा सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके, २०११ च्या जनगणनेप्रमाणे पंचेचाळीस लाखांवर वस्ती. उत्तरेस प्रवरेच्या पाटपाण्यावर उभी राहिलेली साखर कारखानदारी, जिचा आरंभ १९५० साली प्रवरानगरला झाला आणि जिच्या सहकाराचे गोडवे आमच्याही पिढीने गायले. तर दक्षिणेस पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत हे अवर्षणाचे तालुके, जेथून दसरा-दिवाळी सरली की माणसे कोयता घेऊन बाहेर पडतात. ऊसतोडीच्या धंद्यात ‘एक कोयता’ म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती जोडप्याने. एकजण आजारी पडला तर दुसऱ्याचेही काम बसते, आणि खाडा झाला तर तो पैशांनी भरून द्यावा लागतो. अशा माणसाला खोकला होतो तेव्हा तो तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जात नाही, कारण तेथे जाणे म्हणजे दिवस मोडणे. तो फडाजवळच्या बाजारगावात संध्याकाळी उघडा असलेल्या डॉक्टराकडे जातो.

तेथे काय होते हे या टापूत हिंडणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ आहे. छातीला नळी लागलीच तर लागते. एक इंजेक्शन, तीन दिवसांच्या गोळ्या, अशक्तपणा फार असेल तर सलाईनची बाटली. औषध जहाल असते, त्यामुळे चार दिवस बरे वाटते. क्षयरोगात याहून घातक काही नाही. क्विनोलोन जातीची काही प्रतिजैवके क्षयाच्या जंतूंनाही तात्पुरती दडपतात; रोग बरा होत नाही, फक्त लपतो, आणि निदान आणखी काही आठवडे पुढे ढकलले जाते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासा, हा नियम प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर रंगवलेला आहे. ही तपासणी फुकट होते. तिला मोठे यंत्र लागत नाही, परदेशी पदवी लागत नाही. तरीही ती सांगितली जात नाही, कारण थुंकी तपासायला पाठवलेला रोगी सरकारी कार्यक्रमात जातो आणि दर आठवड्याच्या इंजेक्शनाचे गिऱ्हाईक सुटते. याला निदानाची चूक म्हणणे हे भाषेवर अत्याचार करणे आहे.

हा आमचा पूर्वग्रह आहे असे कोणी म्हणू नये. मुंबईच्या धारावीत खाजगी डॉक्टर क्षयावर काय औषध लिहितात याची पाहणी डॉ. मुकुंद उपळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्याने केली होती. ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. सुमारे शंभर डॉक्टरांनी एकाच रोगावर ऐंशी वेगवेगळ्या औषधयोजना लिहून दिल्या होत्या! मुंबईसारख्या शहरात ही तऱ्हा, तर फडाजवळच्या बाजारगावाविषयी काय बोलावे?

आता कोपीत चला. पाचट आणि बांबूंची ती खोप; तीत नवरा, बायको, दोन मुले, कधी म्हातारी आई. उपचार न मिळालेला फुप्फुसाच्या क्षयाचा एक रोगी वर्षभरात दहा ते पंधरा माणसांना लागण देऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. ती माणसे कोण असतात? जी त्याच्या तोंडाशी तोंड लावून झोपतात ती. म्हणजे ज्या डॉक्टराने सहा महिने थुंकी तपासली नाही, त्याने एका माणसाचे निदान चुकवले नाही; एका घराचे चुकवले. बायको त्याच्या दवाखान्यात कधी गेली नाही. मुलाचे नाव त्याच्या वहीत नाही. त्यांनी त्याला फी दिलेली नाही. मग त्यांचे तो काय देणे लागतो?

अमेरिकेत, जेथे वैद्यक हे उघडउघड बाजारी जिन्नस आहे आणि कोणी ते लपवीतही नाही, तेथे या प्रश्नाचे उत्तर पन्नास वर्षांहून अधिक काळापूर्वी दिले गेले. फ्लोरिडा राज्यात एका डॉक्टराने बापाचा क्षयरोग ओळखला नाही आणि घरातील लहानग्या मुलीला तो जडला. १९७० साली तेथील अपील न्यायालयाने ठरवले, की सांसर्गिक रोगाच्या रोग्याबरोबर एका घरात राहणाऱ्या अज्ञान मुलांविषयीही डॉक्टराचे कर्तव्य असते, आणि त्या मुलांची काळजी ज्यांच्याकडे आहे त्यांना त्याने रोगाचे स्वरूप सांगितले पाहिजे. रोग ओळखलाच नाही म्हणून सांगितला नाही, ही सबब त्याला वाचवू शकली नाही. फ्लोरिडाचे न्यायाधीश काही समाजवादी नव्हते. शेजाऱ्याच्या घरास आग लागेल हे ज्याला दिसायला हवे त्याने डोळे मिटून चालणार नाही, एवढेच त्यांना कळत होते.

आपल्याकडे हे तत्त्व नाही असे नाही. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने २००२ साली डॉक्टरांच्या आचारसंहितेचे विनियम केले. त्यांत म्हटले आहे, की डॉक्टराने रोगाचे गांभीर्य फुगवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. रोगी, त्याचे नातलग किंवा जबाबदार मित्र यांना रोग्याच्या स्थितीचे असे ज्ञान मिळेल हे त्याने पाहावे, की ज्यात रोग्याचे आणि त्याच्या कुटुंबाचे हित आहे. त्याच विनियमांप्रमाणे रोग्याने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने कागदपत्रे मागितल्यास बहात्तर तासांत दिली पाहिजेत. त्याच्याही आधी, १९९६ साली, मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा खटल्यात रुग्णालयांना हे बजावले होते. एच.आय.व्ही.च्या एका प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली असेही म्हटले, की रोग्याचे गुपित राखणे हे डॉक्टराचे कर्तव्य असले तरी दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेथे त्या गुपिताचा आधार घेता येणार नाही. क्षयाच्या बाबतीत २०१२ पासून प्रत्येक रोग्याची नोंद सरकारला कळवणे खाजगी डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि २०१८ च्या राजपत्राने ती न कळवणाऱ्यास दंडसंहितेची कलमे दाखवली. म्हणजे सरकारला सांगितले नाही तर शिक्षा. आणि त्याच्या उशाशी झोपणाऱ्या बायकोला सांगितले नाही तर? किंवा कळवण्यासारखे निदानच केले नाही तर? न केलेल्या निदानाची नोंद कोठल्या वहीत होणार?

येथे एक गोष्ट आमच्याच बाजूच्या लोकांना सांगायला हवी. ‘नातलगांना सांगा’ असे आपण म्हणतो तेव्हा नातलग म्हणजे कोण? आपल्या घरांत डॉक्टर बाहेरच्या ओट्यावर दीर, सासरा, मामा यांना बोलावून सांगतो. रोगी बाई असेल तर आत खाटेवर पडलेल्या तिला काहीच कळत नाही, आणि रोगी पुरुष असेल तर त्याची बायको चुलीपाशी असते. उलट बाईला क्षय झाल्याचे पुरुषमंडळींना आधी कळले, की तिला माहेरी धाडण्याची तयारी सुरू होते. यास्तव, ज्याला धोका आहे त्याला सांगणे हे कर्तव्य. ज्याची सत्ता आहे त्याला सांगणे हे नव्हे. हा भेद केला नाही तर रोग्याच्या हक्काच्या नावाखाली आपण सासऱ्याचा हक्क मागून बसू.

शेजारच्या बीड जिल्ह्यात काय झाले ते याच संदर्भात पाहण्यासारखे आहे. ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशये काढली जात असल्याचा बोभाटा झाला तेव्हा २०१९ साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पांढरे जाते, पोट दुखते, पाळीत अंगावरून फार जाते, या तक्रारींवर कितीतरी जणींना पिशवीच्या कॅन्सरचे भय घालण्यात आले. एकीकडे खरा रोग असून निदान नाही. दुसरीकडे रोग नसून निदान आहे. दोहोंचा धनी एकच, आणि तो अज्ञान नव्हे. रोगी पाठवल्याबद्दल मिळणाऱ्या टक्केवारीला या राज्यात ‘कट’ म्हणतात, आणि तिला बंदी घालणाऱ्या कायद्याचा मसुदा २०१७ साली सरकारनेच नेमलेल्या समितीने तयार केला होता. तो मसुदाच राहिला. साखर, शिक्षण आणि दवाखाने यांची मालकी ज्या वर्गाकडे एकवटली आहे, त्याच वर्गाचे आमदार तो मंजूर करतील अशी अपेक्षा बाळगणारा फारच भाबडा म्हटला पाहिजे.

या व्यवसायात प्रामाणिक माणसे नाहीत असे आम्ही म्हणत नाही. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ल यांनी अठ्ठ्याहत्तर डॉक्टरांना बोलते करून जे बाहेर काढले, ते याच व्यवसायातील माणसांनी आपल्या व्यवसायाविषयी सांगितलेले आहे. सचोटीने वागणाऱ्याला टिकून राहणे किती अवघड झाले आहे हे तेच सांगतात, आणि त्यांची गळचेपी कोर्टाने नव्हे, बाजाराने केलेली आहे.

मग ज्यांचे घर बुडाले त्यांनी कोठे जावे? महाराष्ट्रातील दोन खटल्यांची हकिकत सांगतो.

पहिला, लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या वाळूवर वीसएक वर्षांच्या एका मुलाच्या मांडीचे हाड मोडले. त्याचे वडील दौंडला डॉक्टर होते. भीमा ओलांडली की आपला श्रीगोंदा तालुका. मुलाला पुण्याच्या एका नामांकित शल्यविशारदाकडे नेण्यात आले. तेथे पुरती भूल न देता, तीन माणसांच्या जोरावर पाय ओढून हाड बसवण्यात आले, त्याचा मुलाला धक्का बसला आणि तो त्याच दिवशी रात्री गेला, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला. डॉक्टराने मृत्यूचे कारण दिले होते ते रक्तवाहिनीत चरबीची गुठळी अडकल्याचे. ते न्यायालयांनी मानले नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला १९६८ च्या मे महिन्यात, म्हणजे बरोबर पंधरा वर्षांनी. नुकसानभरपाई तीन हजार रुपये. रोगी स्वीकारायचा की नाही, कोणता उपचार करायचा आणि तो कसा करायचा, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टराचे कर्तव्य असते, हे सूत्र या निकालाने दिले आणि आजही ते उद्धृत केले जाते. पण आमचे लक्ष जाते ते दुसरीकडे. बाप स्वतः डॉक्टर होता. मृत्यूच्या दाखल्यावरील शब्द खरे की खोटे हे त्याला वाचता येत होते. म्हणून तो लढला. जामखेडच्या शेतमजुराला तो दाखला दिला असता तर त्याने घडी घालून ट्रंकेत ठेवला असता.

दुसरा खटला अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात चंद्रिकाबाई नावाची स्त्री १० जुलै १९६३ रोजी बाळंत झाली. १३ जुलैला तिची संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. मग ताप आणि पोटात असह्य वेदना. इतक्या साध्या शस्त्रक्रियेनंतर हे का व्हावे, हा प्रश्न ज्यांनी विचारायचा त्यांनी तो वेळेवर विचारला नाही. १९ जुलैला दुसऱ्या शल्यविशारदाने पोट पुन्हा उघडले तेव्हा आत राहिलेला कापडी बोळा निघाला. २४ जुलैला ती गेली. नवऱ्याने आणि मुलांनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने छत्तीस हजार रुपये मंजूर केले, तर सरकार अपिलात गेले. सरकारचे म्हणणे काय? रुग्णालय चालवणे हे राज्याचे सार्वभौम कार्य आहे, सबब नोकरांच्या चुकीस राज्य जबाबदार नाही! उच्च न्यायालयाने हे मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले आणि छत्तीस हजारांचा हुकूमनामा पुन्हा कायम केला, तेव्हा तारीख होती २० फेब्रुवारी १९९६. आईच्या मृत्यूसमयी चौदा दिवसांचे असलेले बाळ तोवर बत्तीस वर्षांचे झाले असते. नेमका कोणत्या डॉक्टराचा हात चुकला हे सिद्ध झाले नाही तरी मालक म्हणून राज्य जबाबदार आहे, असे त्या निकालात म्हटले आहे. हे वाक्य सरकारने नीट वाचले असते तर पुढे नगरला जे घडले ते घडले नसते.

मृत्यूची भरपाई कोणाला आणि किती, हे ज्या कायद्याने ठरते तो १८५५ सालचा आहे. कंपनी सरकारचा. विलायतेत आगगाड्यांखाली माणसे मरू लागली तेव्हा १८४६ साली तेथे एक कायदा झाला, त्याची ही हिंदुस्थानी आवृत्ती. तिच्या मते भरपाई मिळते ती नवरा, बायको, आईबाप आणि मुले यांना, आणि तिचा हिशेब असतो मुख्यतः बुडालेल्या मिळकतीचा. जो जास्त मिळवीत होता त्याच्या मृत्यूची किंमत जास्त. ग्राहक न्यायालयांतही मापाची पट्टी तीच. कलकत्त्यात १९९८ साली झालेल्या चुकीच्या उपचाराने गेलेल्या अनुराधा साहा यांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सहा कोटींच्या घरात भरपाई दिली, ती अमेरिकेतील संभाव्य मिळकत हिशेबात धरून. त्यांच्या पतीने पंधरा वर्षे एकाकी झुंज दिली, तिच्याबद्दल आम्हांला आदरच आहे. परंतु हीच पट्टी पाथर्डीच्या ऊसतोड बाईला लावून पाहा. तिची मिळकत ‘अर्ध्या कोयत्या’ची, आणि तीही उचलीच्या रूपाने नवऱ्याच्या नावावर लिहिलेली. कायद्याच्या तराजूत ती बाई जवळजवळ बिनवजनाची ठरते.

त्याहून मोठी मौज पुढेच आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली डॉक्टर येतात की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी निकालात काढला. येतात, असे ठरले आणि मध्यमवर्गाने त्याचे स्वागत केले. पण त्याच निकालात एक दार बंद झाले: जेथे सर्वांनाच मोफत सेवा मिळते तेथील रोगी हा ग्राहक नव्हे. २०१९ च्या नव्या कायद्यातही फुकट दिलेली सेवा वगळलेलीच आहे. म्हणजे खाजगी रुग्णालयात पैसे मोजणाऱ्याचे निदान चुकले तर त्याला ग्राहक आयोग. आणि सरकारी मोफत दवाखान्यात ज्याचे निदान चुकले त्याने दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी, तीस-बत्तीस वर्षे. १९९८ साली स्प्रिंग मेडोज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मोठे पाऊल उचलले. चुकीच्या इंजेक्शनाने मेंदूला कायमची इजा झालेल्या मुलाला साडेबारा लाख तर दिलेच, पण आईबापांनाही त्यांच्या स्वतःच्या यातनांबद्दल पाच लाख दिले. नातलग हा ‘तिसरा पक्ष’ नाही हे तेथे मान्य झाले. मात्र तेही ग्राहक म्हणून! बापाने पैसे भरले होते म्हणून त्याचे दुःख दुःख ठरले.

डॉक्टर आणि रोगी यांचे नाते पवित्र आहे, त्याचा बाजार मांडू नका, असे जे म्हणतात त्यांना आमचा सवाल आहे: बाजार मांडला कोणी? ज्या राज्याने १९८३ पासून विनाअनुदान महाविद्यालयांची दारे उघडून वैद्यकीय पदवी विक्रीस काढली, त्या राज्यात पदवीसाठी ओतलेला पैसा रोग्यांच्या अंगातूनच वसूल होणार.

आता नगरचे जिल्हा रुग्णालय. ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीजेचा दिवस. कोरोनाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि अकरा रोगी गेले. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात अर्भके अशीच गेली होती, आणि राज्यभरच्या रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासण्याच्या घोषणा झाल्या होत्या. दहा महिन्यांत त्या घोषणांची ही फलश्रुती. आणि अटक कोणाला झाली? एका डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. कर्तव्यात कसूर झाली असेल तर चौकशी व्हावीच. पण अग्निशमन यंत्रणेचे पैसे अडवणारा, तपासणीचे अहवाल कपाटात ठेवणारा, मंजूर पदे रिकामी ठेवणारा, यांपैकी कोणाच्या हातात बेड्या दिसल्या नाहीत. संतप्त नातलग समोर दिसणाऱ्या डॉक्टराची कॉलर धरतो तेव्हा त्याला आपण जमाव म्हणतो. सरकार तेच करते तेव्हा त्याला कारवाई म्हणतात. परिचारिका रस्त्यावर आल्या, आणि त्यांचे बरोबर होते. त्या अकरा घरांना मदतीचे धनादेश देण्यात आले. पण आपले माणूस कशाने, कोणाच्या निर्णयाने मेले, हे सांगण्याचे कर्तव्य धनादेशाने फिटत नाही.

याच जिल्ह्यात याहून वेगळे घडू शकते याचा दाखला आहे, आणि तो पन्नास वर्षांहून जुना आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला येऊन राहिले. त्यांनी गावागावांतून बायका निवडल्या. पुष्कळशा निरक्षर, कित्येक दलित. त्यांना खोकल्याचा क्षय केव्हा समजायचा, बधिर चट्टा म्हणजे काय, अतिसार झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे, अडलेली बाळंतीण केव्हा हलवायची, हे शिकवले. डॉक्टरांची मक्तेदारी असलेले ज्ञान घराच्या उंबऱ्याआत नेऊन ठेवले. निदान चुकण्याचा सर्वांत मोठा उपाय हाच, की ज्याच्यावर ते होते त्याच्या घरात ते तपासून पाहण्याइतकी समज असावी. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरचे लोक जामखेड पाहून गेले. आणि आपण काय केले? २००५ नंतर देशभर ‘आशा’ नेमल्या, जामखेडच्या बाईचेच काम त्यांच्याकडे दिले, पण त्यांना कर्मचारी म्हणण्याचे नाकारले. मोबदला मानधनाचा आणि तोही कामागणिक मोजून. घरोघरी जाऊन क्षयरोग्याच्या बायकामुलांची तपासणी घडवून आणणारी, म्हणजे डॉक्टराचे कुटुंबाविषयीचे कर्तव्य प्रत्यक्षात पार पाडणारी या जिल्ह्यातील बहुधा एकमेव व्यक्ती ती आहे. तिच्या संपाला दोन आठवडे उलटले तरी मंत्र्यांना चर्चेस सवड मिळत नाही, हे आपण पाहिले आहे.

यास्तव आमचे म्हणणे केवळ ‘डॉक्टरांना धडा शिकवा’ असे नाही. सरकारी मोफत रुग्णालयातील रोग्याला आणि त्याच्या कुटुंबाला ग्राहक म्हणून नव्हे, नागरिक म्हणून जलद दाद मागता आली पाहिजे. चंद्रिकाबाईच्या निकालाने राज्याची जी जबाबदारी ठरवली, ती प्रत्येक घराने नव्याने तीस वर्षे लढून सिद्ध करण्याची गरज नसावी. भरपाईचा हिशेब मिळकतीवर न ठरता जिवावर ठरावा, आणि १८५५ चा कायदा संग्रहालयात जावा. सांसर्गिक रोगाचे निदान हयगयीने चुकवले तर त्याच घरात बाधित झालेल्या बायकोला आणि मुलाला स्वतःच्या नावाने दावा लावता येईल, असे कायद्यात लिहिले जावे. राज्याच्या १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याच्या नियमांत २०२१ साली रुग्णहक्कांची सनद आली खरी, पण खाटा नसलेला बाजारगावातला दवाखाना त्या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. आणि निदान चुकते ते नेमके तेथे. तोही कक्षेत आला पाहिजे. मेडिकल कौन्सिलपुढील तक्रारींचा निवाडा डॉक्टरांनीच डॉक्टरांविषयी करायचा ही पद्धत मोडून त्या मंडळावर रोग्यांचे आणि श्रमिकांचे प्रतिनिधी बसले पाहिजेत.

हे सारे विधिमंडळात होईल तेव्हा होईल. तोवर गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी एक काम आपल्या तालुका शाखांना करता येण्यासारखे आहे. टोळ्या निघतात त्या आठवड्यात पाथर्डी, शेवगाव आणि जामखेडच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन आठवड्यांवर खोकला असलेल्या प्रत्येक माणसाची थुंकी तपासली जावी, ज्यांना रोग आहे त्यांच्या घरातील सर्वांची तपासणी व्हावी, आणि २०२१ पासून सरकारी कार्यक्रमात असलेले प्रतिबंधक औषध त्यांना निघण्याआधी हातात पडावे, अशी लेखी मागणी जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे करावी. फडावरून परतलेल्यांकडे असलेल्या चिठ्ठ्या, औषधांची रिकामी पाकिटे, एक्स-रे, जे असेल ते गोळा करून ठेवावे, आणि जेथे कागद दिला गेला नसेल तेथे तो बहात्तर तासांत मागणारा अर्ज त्याच दिवशी द्यावा; अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.